शुगर उतरली तर घरच्यांनी काय करावे?

मधुमेहाच्या रुग्णाला अचानक दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर ‘दारू प्यायला असेल’, ‘झोपू द्या’ असे म्हणू नका. रक्तातील साखर 70 च्या खाली गेलेली असू शकते. तपासायचे यंत्र नसेल तर त्यासाठी थांबू नका.

रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर चहाचे 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. शुगर-फ्री चालत नाही. 15 मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्या. बरे वाटल्यावर भाकरी किंवा भात खायला द्या.

रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

इन्सुलिन किंवा गोळी घेऊन जेवण चुकले की बहुधा हे घडते. पौर्णिमेला अष्टशील पाळून दुपारनंतर जेवणार नसाल, तर डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांना आधीच विचारा. गोळीमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून रुग्णाला एकटे सोडू नका; त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.