किण्वाची नवी विद्या आणि शेतातला ‘कचरा’

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आता देशाच्या अंगवळणी पडले आहे. परंतु ऊस, मळी आणि धान्य यांतून किती इथेनॉल काढावयाचे याला मर्यादा आहे. उसाचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. पुढील हंगामासाठी ते उठले, तरी त्यातून मिळालेला इशारा विसरण्याजोगा नाही. माणसाचे अन्न आणि मोटारीचे इंधन एकाच शेतातून काढू लागल्यास केव्हा ना केव्हा ओढाताण होणारच. पेंढा, बगॅस, मक्याची ताटे यांपासून इंधन करण्याच्या विद्येकडे आशेने पाहिले जाते ते यामुळेच.

या विद्येतील एक मोठी अडचण किण्वाची, म्हणजे यीस्टची होती. काष्ठमय भागात ग्लुकोजच्या खालोखाल झायलोज ही साखर विपुल असते. पाव आणि मद्य यांसाठी मनुष्याने हजारो वर्षे बाळगलेले किण्व ग्लुकोज झपाट्याने आंबविते. झायलोज मात्र त्याला आंबविता येत नाही. साहजिकच साखरेचा मोठा वाटा वाया जाई.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी १९९३ मध्ये किण्वात जनुकांची भर घालून दोन्ही साखरा आंबविणारा वाण सिद्ध केला. त्यासाठी दुसऱ्या एका किण्वाची जनुके घेतली होती. तथापि या मार्गात झायलोजचे रूपांतर दोन पायऱ्यांनी होते आणि त्या पायऱ्यांना लागणारी साहाय्यक द्रव्ये निरनिराळी असतात. त्यांचा मेळ बसला नाही की वाटेतच झायलिटॉल साचते. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी २००३ मध्ये यावर निराळा तोडगा काढला. हत्तीच्या लिदीत सापडलेल्या एका बुरशीचे जनुक त्यांनी किण्वात घातले. त्यामुळे तेच काम एका पायरीत आणि त्या साहाय्यक द्रव्यांवाचून होऊ लागले. पुढे झायलोजवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवून अधिक कार्यक्षम वाण निवडण्यात आले.

प्रयोगशाळेने आपले काम चोख केले आहे. प्रश्न आता शेताचा आहे. पानिपत येथे इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे असून वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर ही त्याची योजिलेली क्षमता आहे. त्या भागात पेंढा शेतातच जाळला जातो आणि हवा धुराने कोंदते. तेथे ही योजना सर्वथा उचित होय.

महाराष्ट्राचे गणित वेगळे आहे. येथे ज्वारीचा कडबा हा कचरा नव्हे, ते जनावरांचे अन्न आहे. दुष्काळी वर्षात त्याचा भाव काय होतो हे शेतकऱ्याला विचारावे. बगॅसही साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते आणि त्यावर वाफ व वीज निघते. उसाचे पाचट शेतात कुजले तर जमिनीचा कस राखते. यांपैकी काहीही फुकट पडलेले नाही.

म्हणून कारखान्यांचे परवाने देण्याआधी शासनाने जिल्हावार हिशेब मांडला पाहिजे. गुरांना किती लागते, जमिनीत किती परत गेले पाहिजे आणि मगच खरोखर उरते किती, हे ठरले पाहिजे. जे उरेल त्याचा रास्त भाव शेतकऱ्याला बांधावर मिळाला पाहिजे. धान्य वाचविताना चारा गमावला, तर नव्या विद्येने जुनीच ओढाताण गोठ्यात नेऊन ठेवली असे होईल.