सायकलचा पंप कशाने तापतो?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक चांगलेच तापते. दट्ट्या आणि नळी यांच्या घर्षणामुळे ते तापते, असे बहुतेकजण सांगतील. घर्षणाचा त्यात थोडा वाटा आहेही. पण दट्ट्या नळीभर घासला जातो आणि चटका मात्र बसतो तो हवा जिथे सर्वांत जास्त दाबली जाते तिथे. पंपाचे तोंड मोकळे ठेवून तितकेच हात मारून पाहा. पंप जेमतेम कोमट होईल. खरे कारण हवेवर केलेले काम हे आहे. पुढे येणाऱ्या दट्ट्यावर आपटलेले रेणू आले त्याहून अधिक वेगाने परततात, आणि रेणूंची ही वाढलेली धावपळ म्हणजेच वाढलेले तापमान. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा पंधरा-वीसपट दाबली की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेटते. एवढी उष्णता घर्षणाच्या खात्यावर मांडता येत नाही.

मग हवा फुगली की ती थंड होणारच, असे वाटेल. इथेच जपून बोलायला हवे. जेम्स जूल यांनी १८४५ मध्ये तांब्याची दोन भांडी पाण्यात ठेवली. एकात वातावरणाच्या सुमारे बावीसपट दाबाची हवा होती, दुसरे निर्वात होते. मधली तोटी उघडताच हवा दोन्हींत पसरली, पण पाण्याच्या तापमानात फरक पडला नाही. तशीच दाबलेली हवा बाहेरच्या वातावरणाला ढकलत सोडली, तेव्हा मात्र पाणी थंड झाले. पोकळीत शिरताना हवेला कोणालाही ढकलावे लागत नाही, म्हणून तिची ऊर्जा खर्च होत नाही. पुढच्या अधिक बारीक प्रयोगांत पोकळीत पसरतानाही किंचित थंडावा आढळला. रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाचा तो परिणाम. मूळ निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही.

सह्याद्रीवरचा पाऊस याच हिशेबाने पडतो. डोंगरमाथा थंड, म्हणून ढग गार होतात, हे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण माथ्यावरची हवा थंड का, हा प्रश्न तसाच उरतो. अरबी समुद्रावरून आलेला वारा घाटावर चढतो, तसा त्याच्यावरचा दाब घटतो. तो फुगतो, भोवतालच्या हवेला ढकलतो आणि त्या कामाची किंमत स्वतःच्या उष्णतेतून मोजतो. कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी थंडावते. भोवतालची उष्णता तिला सावरत कशी नाही, असे कोणी विचारेल. हवा उष्णतेची मंद वाहक आहे आणि चढणारा हवेचा लोट प्रचंड असतो. ती उष्णता आतपर्यंत पोचायला सवडच मिळत नाही. वाफेचे थेंब होऊ लागले की बाहेर पडणाऱ्या उष्णतेने हा वेग मंदावतो, पण थंडावणे थांबत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माथा ओलांडून वाईकडे उतरणारी हवा बरेचसे पाणी मागे टाकून आलेली असते. उतरताना ती पुन्हा दाबली जाते, पंपातल्या हवेसारखीच तापते आणि उरलेले ढगही विरू लागतात. म्हणून वाईच्या वाट्याला महाबळेश्वरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी पाऊस येतो.