तटाबाहेरची गव्हाण

डोंबिवलीच्या शेजारी कोपरला वरच्या फलाटावरून दिवा-वसई मार्गाची गाडी मिळते. डिसेंबरात मी तिनेच वसईला जाते. तटबंदीतलं शहर आत शिरून पाहायचं तर आमच्या भागात दुसरी जागा नाही. कल्याणच्या कोटातला दुर्गाडी तेवढा उरला आहे आणि ठाण्याच्या किल्ल्यात कारागृह आहे. वसईचा तट मात्र अजून उभा आहे. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत हे गावही ठाणे जिल्ह्यातलंच होतं.

जमिनीकडच्या दरवाजातून आत गेलं, की रस्ता लगेच वळतो आणि समोर दुसरा दरवाजा येतो. हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये, म्हणून ही रचना. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली ती २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने, ऐन नाताळाच्या तोंडावर. पुढच्या दोनशे वर्षांत तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा पंथांची चर्चेस आणि मठ उभे राहिले. आज त्यांच्या भिंती आहेत, छपरं नाहीत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांचे कोरीव दगड आहेत. अक्षरं वाचायची तर उकिडवं बसून पाचोळा बाजूला सारावा लागतो. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून बुरूज फोडला आणि शहर पडलं. इथल्या घंटा मराठे घेऊन गेले. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला.

नाताळासाठी फुलणारं शहर या भिंतींत शोधायला गेलं, तर हाती काही लागत नाही. तटाआड प्रामुख्याने पोर्तुगीज सरदार घराणी राहत. ती निघून गेली आणि शहर ओस पडलं. बागायत करणारे, भात लावणारे, मासे मारणारे स्थानिक ख्रिस्ती तटाबाहेर वाड्यांमध्ये होते. ते तिथंच राहिले आणि सण त्यांनी सांभाळला. वसईचा नाताळ कुणी परक्याने आणून ठेवलेली शोभेची वस्तू आहे, असं अजूनही ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ पोर्तुगिजांवाचून जो सण चालत आला, तो इथल्याच मातीचा.

हे पटवून घ्यायचं असेल, तर रमेदीकडच्या एखाद्या वाडीत गोठा बांधताना पाहावा. ख्रिस्तजन्माच्या देखाव्याला इथे सरळ गोठाच म्हणतात. आधी बांबूच्या चिवाट्यांचा सांगाडा होतो. मग गोणपाट पातळ सिमेंटच्या काल्यात बुडवून त्यावर पसरतात आणि ओलं असतानाच हातांनी चुण्या पाडतात. वाळलं की त्याचा कातळ होतो. पोरं कोपरापर्यंत राखाडी झालेली असतात. त्यावर काव, त्यावर थोडा चुना. वरून रंग एकसारखा बसला, की एक आजोबा हमखास ओरडतात, "अरे, खरा डोंगर एका रंगाचा असतो का?" आणि ब्रश पुन्हा डब्यात जातो.

हिरवळीचं काम त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. गहू रात्रभर भिजवून, पसरट ताटांत मातीवर दाट पेरून, फडक्याने झाकून ठेवतात. थेट नवरात्रातल्या घटासारखं. कोंब वर आले, की झाकण काढून उन्हाला दाखवायचं, नाहीतर पाती पिवळी पडतात. घाईही करायची नाही: लवकर पेरलं तर नाताळापर्यंत पाती लांबून लोळतात. ही वेळ घरातल्या बायकाच ठरवतात. तांबडं लुगडं नेसलेल्या एक आजी ताटावर पाणी शिंपडताना मला म्हणाल्या, "ताई, ओतायचं नाही, बी उघडं पडतं."

छपरावरून वाद होतो. भाताचा पेंढा हवा की माडाच्या झावळ्या? पेंढा सुबक बसतो, झावळ्या टिकतात. मी ऐकलेल्या वादात शेवटी पेंढा जिंकला, कारण गुरांच्या पुढ्यात पेंढाच असतो. गोठ्याच्या बाजूला विहीर, रहाट, केळीची बाग, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. बेथलेहेम असं वसईत येऊन बसतं, आणि त्यात मला काहीही विसंगत वाटत नाही.

गोठा मांडायची कल्पना असिसीच्या फ्रान्सिसची. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्याने खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल आणि गाढव उभं करून नाताळ साजरा केला, अक्षरओळख नसलेल्यांनाही जन्म डोळ्यांनी दिसावा म्हणून. त्याला शंभर वर्षंही झाली नव्हती, तेव्हा त्याच्याच पंथाचे भिक्षू आपल्या ठाण्याला पोचले होते. १३२१ मध्ये त्यांतले चौघे तिथे मारले गेले. पुढे ओदोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला. पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. ठाण्यात तलावपाळीवरून जाताना हे कितीजणांना आठवत असेल?

मरिया, योसेफ, मेंढपाळ आधीच जागेवर बसतात. गव्हाण मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेवायची. मध्यरात्रीच्या मिस्सात बाळ येतं. इथली मिस्सा मराठीत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेला लोकभाषेची वाट मोकळी झाली आणि वसईने ती मनापासून धरली. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आख्खं बायबल 'सुबोध बायबल' म्हणून मराठीत आणलं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

नाताळानंतरही गोठ्याचं काम संपत नाही. पूर्वेकडचे तीन राजे आधी लांब, डोंगराच्या पल्याड उभे असतात. त्यांना रोज वीतभर पुढे सरकवायचं, म्हणजे ६ जानेवारीला ते गव्हाणीशी पोचतात. त्या वाडीत हे काम शाळकरी पोरांकडे असतं. कुणाची पाळी कधी, ते आधीच ठरलेलं असतं आणि आपली पाळी कुणी दुसऱ्याला देत नाही.