आपली वाट आपणच लिहू या : प्रवास-ब्लॉगमधून गावात रोजगार



मे महिना सरत आला की आपल्या अकोले तालुक्यात मुंबई-पुण्याच्या गाड्या सुरू होतात. शेंडीच्या नाक्यावर, रतनवाडीच्या वाटेवर गाडी थांबते आणि काच खाली होते. "ताई, काजवे कुठं दिसतात? जेवायला मिळंल का हो?" आपण डोक्यावरचा हंडा सावरत वाट सांगतो आणि पुढे जातो. गाडीही जाते. रात्री ती माणसं जेवतात दुसरीकडेच, जिथं शहरातल्या आयोजकानं आधीच पैसे घेऊन ठेवलेले असतात.

आपण फुकट सांगितलेली ती वाट म्हणजेच माहिती आहे आणि माहितीला मोल असतं. ती लिहून ठेवली तर तिच्यावर छोटासा व्यवसाय उभा राहू शकतो. त्यालाच प्रवास-ब्लॉग म्हणतात. तो कसा सुरू करायचा, त्यातून पैसा कुठून येतो आणि कुठून येत नाही, ते या लेखात बघू.

ब्लॉग म्हणजे नेमकं काय?

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली वही. व्हॉट्सअॅपचं स्टेटस २४ तासांत पुसलं जातं. रील दोन दिवस फिरते आणि मागे पडते. ब्लॉगवरचा लेख मात्र जागेवर राहतो. पुढच्या वर्षी कुणी गुगलवर "भंडारदरा काजवे कधी" असं शोधलं, तर तुमचा लेख त्याच्यापुढे येऊ शकतो. म्हणजे एकदा केलेलं काम पुढे अनेक हंगाम उपयोगी पडतं.

"पण ताई, आपण कुठं प्रवास केलाय?" असं बैठकीत कुणीतरी म्हणणारच. तुम्ही बारीपासून रतनवाडीपर्यंत किती वेळा गेलात ते आठवा. बाजाराला, माहेरी, जत्रेला, दाखला काढायला. कोणती एसटी वेळेवर येते, कोणत्या ओढ्याला पाणी चढतं, कोणत्या झऱ्याचं पाणी मार्चपर्यंत टिकतं, हे तुम्हाला पाठ आहे. शहरातून दोन दिवसांसाठी येऊन लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. तुमच्या व्यवसायाचं भांडवल हेच आहे.

सुरुवात कशी करायची?

एक साधा स्मार्टफोन, नेटपॅक आणि जीमेल खातं एवढं पुरे. गुगलची 'ब्लॉगर' ही सेवा मोफत आहे. त्यात खात्यानं शिरायचं, ब्लॉगला नाव द्यायचं आणि लिहायला लागायचं. नाव सोपं असावं आणि त्यात गावाचं किंवा परिसराचं नाव असावं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं. स्वतःचा वेगळा पत्ता घ्यायचा झाला तर वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च येतो. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

टायपिंग जमत नसेल तर अडू नका. मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. ते दाबून मराठीत बोला, अक्षरं उमटतात. नंतर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या. मात्र बोली तुमचीच राहू द्या. शेजारणीला सांगता तसं सांगितलं की वाचणाऱ्याला खरं वाटतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ब्लॉग एकीच्या आवाजात, "मी" म्हणून लिहिलेला चांगला वाटतो. पण तो गटाचा असेल तर मालकी कागदावर आणा. बैठकीत ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहा : खातं कुणाच्या नावावर आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, उत्पन्नाची वाटणी कशी होईल. बँकेत जशा दोन सह्या लागतात, तसा पासवर्ड दोघींकडे असू द्या. नाहीतर टायपिंग करणारी मुलगी लग्न होऊन सासरी गेली की ब्लॉगची किल्लीही तिच्याबरोबर गेली, असं व्हायचं.

पहिले लेख कशावर?

सुंदर वर्णनानं सुरुवात करू नका. लोक काय विचारतात, त्याचं उत्तर लिहा. उदाहरणार्थ :

१. इगतपुरी स्टेशनवरून किंवा घोटीहून आपल्या गावात कसं यायचं, शेवटची एसटी किती वाजता.
२. कळसूबाई चढायला बारी गावातून वाट कशी आहे. हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यानं काय करावं, लहान मुलं न्यावीत का.
३. काजवे कधी आणि कोणत्या झाडांवर. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते चमकतात.
४. रतनवाडीचं अमृतेश्वराचं दगडी मंदिर बघायला किती वेळ लागतो, जवळ चहा-नाश्ता कुठं मिळतो.
५. भंडारदऱ्याचं धरण. प्रवरेवरचं हे इंग्रजांच्या काळातलं धरण १९२६ साली पुरं झालं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याबद्दल काय आठवतं, तेही लिहा.
६. आपल्याकडे काय जेवाल : नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, काळभाताचा भात, पावसाळ्यात कुरडू-भारंगीची भाजी.

एका लेखात एकच विषय घ्या. ३०० ते ५०० शब्द खूप झाले. पंधरा दिवसांनी एक लेख टाकलात तरी वर्षात चोवीस होतात. लेखाच्या शेवटी "ही माहिती अमुक तारखेला तपासली" असं जरूर लिहा.

खरं लिहायचं, कारण माणूस त्या शब्दावर चालतो

ब्लॉगमध्ये सर्वांत मोठी जोखीम इथे आहे. साम्रदची सांदण दरी फोटोत फार देखणी दिसते. पण ती अरुंद घळ आहे, पाऊस आला की तिच्यात पाणी लोटतं. "कधीही या, मजा येते" असं आपण लिहिलं आणि एखादं कुटुंब भर पावसात तिथं उतरलं, तर? म्हणून "पावसाळ्यात येऊ नका" हे वाक्य लिहायला कचरू नका. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ज्यानं तुमचं ऐकून जीव सांभाळला, तो जानेवारीत पुन्हा येतो आणि चार जणांना घेऊन येतो.

काजव्यांचंही तसंच. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी. बॅटरी आणि गाडीचे दिवे त्याच्यावर पडले की त्यात अडथळा येतो, पुढच्या वर्षीची पैदास घटते. "दिवे बंद ठेवा, झाडाखाली फिरू नका, काजवे पकडू नका" हे प्रत्येक लेखात लिहा. काजवे राहिले तरच हंगाम राहणार. शिवाय आपला बराचसा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. प्रवेश शुल्क, रात्रीची वेळ याचे नियम वनखात्याच्या चौकीवर दरवर्षी विचारून घ्या आणि मगच लिहा.

फोटो स्वतः काढलेलेच वापरा. दुसऱ्याचा फोटो उचलणं म्हणजे चोरीच. कुणाच्या घराचा, बाईमाणसाचा, लेकराचा फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. देवराईतली जी जागा गाव बाहेरच्याला दाखवत नाही, ती ब्लॉगवरही दाखवू नका.

पैसा कुठून येतो?

आता मूळ प्रश्न. ब्लॉगवर पैसा चार वाटांनी येतो.

जाहिरात : गुगलची 'अॅडसेन्स' सेवा ब्लॉगवर जाहिराती लावते. तिच्या मान्य भाषांत मराठी आहे. पण खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत, आणि थोड्या वाचकांवर १०० डॉलर जमायला फार काळ लागतो. स्वतःच आपल्या जाहिरातीवर टिचक्या मारल्या तर खातं बंद होतं. म्हणून हिच्यावर घर चालेल असं समजू नका.

थेट पाहुणे : आपल्यासाठी खरी कमाई इथे आहे. लेखाच्या शेवटी लिहायचं : "आमच्या गटाकडे घरगुती जेवण मिळेल, दोन दिवस आधी कळवा." हिशेब मांडून बघा. समजा, हंगामात ब्लॉग वाचून १० कुटुंबं थेट आली, प्रत्येकात ४ माणसं. म्हणजे ४० ताटं. २०० रुपये ताट धरलं तर ८,००० रुपये. किराणा, सरपण, गॅस आणि स्वयंपाक करणारीची मजुरी मिळून ताटामागे १३० रुपये धरले, तर ५,२०० गेले आणि २,८०० उरले. मजुरी धरायला विसरू नका, आपल्या कष्टाला शून्य किंमत लावायची सवय मोडायची आहे. मधला आयोजक नसल्यामुळे भाव ठरवणं आपल्या हातात राहतं.

माल : जेवलेला पाहुणा तांदूळ, नाचणी, हिरड्या-करवंदाचं काही, पापड-कुरडया मागतो. ते कसं पिकतं, कोण करतं, यावर एक लेख असला की माल आधीच ओळखीचा होतो.

शिफारस : पुढे वाचक वाढले की एखादा हॉटेलवाला "आमच्याबद्दल चांगलं लिहा, पैसे देतो" म्हणेल. घ्यायचे तर घ्या, पण "ही जाहिरात आहे" असं लेखात स्पष्ट लिहा. पैसे घेऊन लपवणं नियमातही बसत नाही आणि वाचकाचा विश्वासही जातो.

जेवण विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. राहण्याची सोय करायचा विचार असेल तर पर्यटन संचालनालयात चौकशी करा. राज्यानं २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आणलं आहे. त्यात पर्यटन व्यवसायाच्या कर्जावरील व्याज परत मिळण्याची सोय आहे. अटी नीट वाचून मगच अर्ज करा.

खबरदारी

घरचा मोबाइल नंबर ब्लॉगवर टाकू नका. गटासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. अनोळखी पाहुण्यांना एकटीनं घरी उतरवू नका. नाव, गाडीचा नंबर आणि ओळखपत्राची नोंद वहीत ठेवा, गटातल्या आणखी दोघींना कळवा. संध्याकाळनंतर एकटीनं वाट दाखवायला जाऊ नका.

बुकिंगच्या नावानं फसवणूकही होते. "मी लष्करात आहे, वीस माणसांचं जेवण हवंय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जेवढा उशीर, तेवढी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

वाढवायचं कसं?

नवीन लेखांइतकंच जुने लेख ताजे ठेवणं महत्त्वाचं. एसटीची वेळ बदलली, रस्ता खचला, भाव वाढला, की त्याच दिवशी लेखात दुरुस्ती करा. चुकीच्या वेळेनं एक पाहुणा फाट्यावर ताटकळला, तर तो पुन्हा येत नाही आणि दहा जणांना सांगतो. पाहुणा जाताना विचारा, "आमच्याबद्दल कुठून कळलं? काय सापडलं नाही?" जे सापडलं नाही, तोच पुढच्या लेखाचा विषय. महत्त्वाचे चार-पाच लेख हिंदीतही करून ठेवा.

आणि वही ठेवा. तारीख, लेख, आलेले फोन, आलेले पाहुणे, जमा, खर्च. पहिले सहा महिने जमेची बाजू कोरी राहील, हे गृहीत धरा. म्हणूनच ब्लॉगसाठी गटातून कर्ज काढू नका, नवा महागडा मोबाइल तर मुळीच नको. बचत जशी दर महिन्याला थोडी थोडी साठते, तसाच वाचकाचा विश्वास साठतो.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं एकच काम करून यायचं. या महिन्यात वाटेवर कुणी काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलं, ते वहीत लिहून आणा. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून आणा. वीस जणींची वीस उत्तरं झाली, की पहिल्या वर्षाचे लेख तयार झाले म्हणून समजा.