सुपरकपॅसिटरची वीस वर्षे: भिवंडीतून एक मागोवा

जानेवारी २००७ मध्ये भिवंडीचे वीजवितरण फ्रँचायझी तत्त्वावर टोरंट पॉवर कंपनीकडे गेले, तेव्हा इथली निम्म्याहून अधिक वीज गळती आणि थकबाकीत जात होती. भारनियमनाने यंत्रमाग तासन्‌तास बंद असत. ते दिवस सरले. पण क्षणभराच्या झटक्यानेही माग थांबतो. असे काही सेकंद सावरण्याची ताकद सुपरकपॅसिटरमध्ये आहे.

बॅटरी भरपूर वीज साठवते, पण सावकाश देते. सुपरकपॅसिटर झटक्यात देतो, लाखो वेळा भरता येतो, मात्र किलोमागे जेमतेम ५ ते १० वॉट-तास साठवतो. दोहोंचे गुण एकत्र आणायचा प्रयत्न म्हणजे हायब्रिड सुपरकपॅसिटर.

त्यासाठी नव्या पदार्थांचा शोध सुरू होता. २००४ मध्ये मँचेस्टरला ग्राफीन, म्हणजे अणूभर जाडीचा कार्बनचा थर, वेगळे केले गेले. त्याच्या एका ग्रॅमला तत्त्वतः २,६३० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, आणि विद्युतभार पृष्ठभागावरच साठतो. २००८ मध्ये अमेरिकेत आणि बंगळुरूत सी. एन. आर. राव यांच्या गटाने त्याचे सुपरकपॅसिटर करून पाहिले. अडचणही लगेच कळली: ग्राफीनचे थर एकमेकांना चिकटतात आणि पृष्ठभाग वाया जातो. २०१४ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी लँथेनम मँगेनाइट या पेरोव्हस्काइट रचनेच्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांतून विद्युतभार साठवता येतो, हे दाखवले. या ऑक्साइडमधून वीज मात्र कमी वाहते. म्हणून ग्राफीन आणि पेरोव्हस्काइट यांची सांगड घातली गेली. पेरोव्हस्काइटचे कण थरांना दूर ठेवतात, ग्राफीन इलेक्ट्रॉनना वाट देते.

महाराष्ट्रात सुपरकपॅसिटरच्या विद्येचा पाया कोल्हापुरात पक्का झाला. शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी महागड्या निर्वात यंत्रांवाचून, द्रावणात पट्टी बुडवून ऑक्साइडचे पातळ थर बसवले आणि त्यांतून सुपरकपॅसिटरचे इलेक्ट्रोड घडवले. बेताच्या साधनांत मूलभूत काम होते, हे त्यांनी सिद्ध केले.

तरी एक दोष राहिला. ग्रॅममागे किती फॅरड (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचे एकक), याच आकड्याची चढाओढ लागली. काही मिलिग्रॅमच्या थरावर मोजलेला आकडा डबाबंद उपकरणात टिकत नाही. तिथे धातूची पट्टी, द्रावण, वेष्टन यांचेही वजन येते. गोगोत्सी आणि सिमाँ या संशोधकांनी २०११ मध्येच हे बजावले होते.

वीस वर्षांचा निष्कर्ष असा: ग्राफीन-पेरोव्हस्काइटची जोडी योग्य आहे, मोजपट्टी अपुरी आहे. यापुढे प्रबंधातल्या फॅरडसोबत उपकरणाचे वजन, किंमत आणि आयुष्य मांडले जावे. आणि संशोधकांनी चाचणीसाठी भिवंडीच्या माग-शेडमध्ये यावे. उष्णता, धूळ, थरथर आणि लहरी वीज, सगळे इथे एकत्र मिळेल.