मोडशी, पटकी आणि माझं कॉन्व्हेंटी मराठी

"हिची मोडशी जिरवायला पाहिजे एकदा!"

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आल्यावर चौथ्याच दिवशी एका सीनियरनं माझ्याकडे बघून हे वाक्य टाकलं. मी अजिबात घाबरले नाही, कारण मला ते कळलंच नाही. पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे आमचं मराठी म्हणजे 'मम्मी, भूक लागली' एवढ्यापुरतं. मोडशी ही केसांची एखादी स्टाइल असावी असं समजून मी सरळ विचारलं, "मोडशी म्हणजे काय?" रूममध्ये असा हशा पिकला की माझी मोडशी तिथल्या तिथं जिरली म्हणायची!

नंतर रूमपार्टनरनं समजावलं. मोडशी म्हणजे मस्ती, ताठा. ती दौंड तालुक्यातली, तिचं मराठी एकदम अस्सल. म्हटलं चला, एक शब्द शिकलो. पण दिवाळीत शिरूरला आजीकडे गेले, तर आजी शेजारच्या काकूंना सांगत होती, "बाळाला मोडशी झालीय. वरचं दूध बंद कर आणि ओव्याचं पाणी दे चमचाभर." आता सहा महिन्यांच्या बाळाला कसली आलीय मस्ती? तेव्हा कळलं की मोडशी म्हणजे मुळात अपचन. पोटात न जिरलेलं अन्न, आणि त्यावरून डोक्यात न जिरलेला माज. दोन्ही जिरवावेच लागतात!

एवढ्यावर मी थांबले असते. पण हॉब्सन-जॉब्सन नावाचा एक कोश आहे, इंग्रजांनी हिंदुस्थानात उचललेल्या शब्दांचा, १८८६ सालचा. यूल आणि बर्नेल या दोघांनी केलेला. तो चाळताना 'मोर-द-शियाँ' असा फ्रेंच शब्द सापडला. अर्थ, कुत्र्याचं मरण. आणि त्याच्याखाली चक्क आपली मोडशी! त्यांचं म्हणणं असं की कोकणी-मराठीत मोडशी हे कॉलऱ्याचं नाव होतं, 'मोडणे' या क्रियापदावरून आलेलं. माणूस मोडून पडतो, ती मोडशी. गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य होता. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, आणि त्यात त्यानं या रोगाचं वर्णन करून इथल्या लोकांचं नावही दिलंय. पोर्तुगिजांच्या तोंडी मोडशीचं 'मोर्देशी' झालं. पुढे फ्रेंचांनी ते ऐकलं आणि त्यांच्या भाषेत अर्थ लागेल असं वळवून घेतलं. आम्ही कॉन्व्हेंटवाले इंग्रजी गाण्यांचे शब्द चुकीचे ऐकतो, तसंच काहीसं!

म्हणजे आजी ज्याला बाळाचं अपचन म्हणत होती, ते एके काळी माणसं तासाभरात आडवी करणाऱ्या रोगाचं नाव होतं. मग नाव एवढं सौम्य कसं झालं? मला वाटतं, १८१७ नंतर जे घडलं त्यामुळे. त्या वर्षी बंगालमध्ये जेसोरला कॉलऱ्याची मोठी साथ उसळली आणि ती सैन्याच्या, व्यापाऱ्यांच्या पावलांनी देशभर पसरली. १८१८ मध्ये ती अहमदनगरकडून शिरूर, पुणे, पनवेल अशी उतरत ऑगस्टमध्ये मुंबईला पोचली. हो, आपलंच शिरूर! तिथं तेव्हा इंग्रजांची छावणी होती. आज आपण ज्या रस्त्यानं एसटीनं दीड-दोन तासांत पुण्याला येतो, साधारण त्याच वाटेनं ती आली. एवढ्या मोठ्या मरणाचं नाव म्हणून पटकी हा शब्द लोकांच्या तोंडी बसला, आणि मोडशी हळूहळू उतरत बाळाच्या पोटदुखीवर आली.

पटकी शब्दाची ओळख मला दौंडला झाली. रूमपार्टनरच्या गावी आम्ही दोन दिवस राहायला गेलो होतो. तिची आजी दिवसभर तो शब्द वापरते. शेळी कडब्यावर आली, "पटकी आली हिला!" नातू चप्पल घालून घरात आला, "पटकी येवो तुला, मुडद्या!" लाइट गेली तर वीजवाल्यांनासुद्धा पटकी. ऐकायला इतकं भारी वाटायचं! पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बांधावरून ज्यांच्याशी खरंखुरं भांडण चालू आहे, कोर्टात केस आहे, त्यांच्याबद्दल बोलताना आजींनी एकदाही पटकी काढली नाही. तिथं आवाज खाली आणि शब्द मोजून. पटकी फक्त शेळीला आणि नातवाला, म्हणजे ज्यांना काही झालं तर आजींच्या घशाखाली घास उतरणार नाही त्यांनाच. शिवी कसली, लाडच तो.

मी तो शब्द अर्थातच हॉस्टेलवर आणला. सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल परत न देणारीला पटकी, बाथरूम अडवून बसणारीला पटकी. आणि मग उन्हाळ्याच्या सुटीत शिरूरला मावसभावानं माझा मोबाइल पळवला तेव्हा तोंडातून गेलं, "पटकी येवो तुला!"

आजी भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "या घरात तो शब्द काढायचा नाही."

रात्री गच्चीवर तिनं सांगितलं. सत्तर एक वर्षांपूर्वीची गोष्ट. तिची थोरली बहीण नऊ वर्षांची होती. सकाळी जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तांदळाच्या धुवणासारखं नुसतं पाणी. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, आवाज बसला. ती पाणी मागत होती. पण पाणी दिलं की उलटी होते, म्हणून मोठ्या माणसांनी पाणी तोडलं होतं. दिवेलागणीला ती गेली. आजी तेव्हा सहा वर्षांची. "मी तांब्या भरून दाराशी उभी होते," आजी म्हणाली, "मला आत जाऊ दिलं नाही."

मी परत आल्यावर यावर वाचलं. हे जंतू लहान आतड्यात असं विष सोडतात की शरीरातलं मीठ-पाणी उलट आतड्यात ओतलं जातं. पंप उलटा फिरावा तसं. कधी कधी तासाला लिटरभर पाणी जातं. माणूस जंतूंनी मरत नाही, कोरडा पडून मरतो. पण आतड्यात आणखी एक मार्ग चालू राहतो. साखर आत शिरताना मीठ सोबत नेते, आणि मिठामागे पाणी जातं. त्यावरच ओआरएस बनलं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी घरच्या माणसांच्याच हाती दिलं, पाजत राहा म्हणून. छावणीतलं मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. कृती किती सोपी! एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट-घोट. हे सगळं आजीच्या माहेरच्या स्वयंपाकघरात त्या दिवशीही होतं. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, ते ठरत नाहीये.

२०२० नंतर आपण कुणी 'तुला करोना होवो' असं गमतीत म्हणतो का? मी तरी ऐकलं नाही. अजून फार जवळ आहे ते. दौंडच्या आजींना पटकीची गंमत करता येते आणि माझ्या आजीला येत नाही, यात कुणाचं चूक म्हणायचं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर सात-आठ जणींची पोटं बिघडली. टाकीत टीसीएल पावडर पडली, दोन दिवस मेसमध्ये खिचडी, सगळ्यांच्या टेबलावर ओआरएसची पाकिटं. मीही त्यात होते. आजीचा फोन आला. नेहमीसारखं 'जेवलीस का' नाहीच. पहिला प्रश्न, "किती वेळा झालं? नुसतं पाण्यासारखं का? लघवी होतेय ना?" मी एकेक उत्तर दिलं. चार वेळा. नाही, तसं नाही. हो, होतेय.

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "मग मोडशी असेल गं. ओव्याचं पाणी घे, आणि ते पाकीट पीत राहा."