जुन्या ऐरणीची पारख

लोहारकाम हा उपजीविकेचा धंदा म्हणून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झपाट्याने आटला; मात्र छंद म्हणून त्याला त्याच शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा अनुयायी मिळू लागले. अ‍ॅलेक्स बीलर यांचे लोहारकलेवरील पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले, १९७३ मध्ये जॉर्जिया राज्यात ‘आर्टिस्ट-ब्लॅकस्मिथ्स असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका’ ही संघटना स्थापन झाली आणि २०१५ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘फोर्ज्ड इन फायर’ या स्पर्धात्मक मालिकेने परसात भट्टी मांडणाऱ्या हौशी मंडळींची संख्या आणखी वाढवली. या मंडळींना भट्टी घरच्या घरी बांधता येते, सांडशी स्वतः घडवता येते आणि हातोडा कुठेही विकत मिळतो. अडते ते ऐरणीपाशी. चांगली नवी ऐरण आजही तयार होते, परंतु तिची किंमत नवशिक्याला झेपणारी नसते, आणि स्वस्तात मिळणाऱ्या नव्या ऐरणी बहुधा साध्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असल्यामुळे त्या नुसत्याच ऐरणीसारख्या दिसतात. त्यामुळे हौशी लोहार शेतघरांच्या कोठारांत, भंगारवाल्यांकडे, वारसांनी काढलेल्या लिलावांत जुन्या ऐरणी धुंडाळतो आणि पौंडावर ठरलेल्या भावाने त्या विकत घेतो. हा भाव अलीकडच्या काळात इतका चढला आहे, की काय विकत घेतो आहोत हे कळणे ही आता निव्वळ हौसेची बाब उरलेली नाही.

महाराष्ट्रात रस्त्याकडेला पाल ठोकून काम करणाऱ्या घिसाड्याची ऐरण पाहिलेल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे जमिनीत किंवा लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला पोलादाचा आखूड ठोकळा येईल. इंग्लंड-अमेरिकेतील हौशी लोहार जिच्या शोधात असतो, ती ‘लंडन पॅटर्न’ची ऐरण याहून गुंतागुंतीची आहे. तिच्या एका टोकाला पट्टी वा सळई वळवण्यासाठी निमुळते गोल शिंग असते, मधोमध सपाट माथा असतो आणि दुसऱ्या टोकाला माथ्याचाच पुढे आलेला भाग, म्हणजे टाच, असते. टाचेजवळच्या चौकोनी भोकाला हार्डी होल म्हणतात, कारण तोडकामाची हार्डी नावाची छिन्नी आणि आकार देण्याची इतर अवजारे त्यात खोचून ठेवता येतात. शेजारचे लहान गोल भोक, प्रिचेल होल, तापल्या लोखंडात आरपार छिद्र पाडताना पंचाला खाली जागा मिळावी म्हणून असते. शिंग आणि माथा यांच्या दरम्यान एक खालची पायरी असते व तिच्यावर मुद्दामच कठीण पोलाद बसवलेले नसते, त्यामुळे छिन्नीने तोडकाम करताना छिन्नीची धार मोडत नाही. गोल भोक हे वयाचेही लक्षण आहे: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत घडलेल्या बहुतेक इंग्रजी ऐरणींना ते नाही, त्यांची टाच आखूड आहे आणि एकूण बांधा ठेंगणा आहे.

जुनी ऐरण ओळखायची म्हणजे तिच्यावरचे नाव शोधायचे, अशी नवशिक्याची समजूत असते, परंतु नाव हे पुष्कळदा झिजलेले असते आणि कधीकधी दिशाभूल करणारेही असते. ऐरण कशी घडवली गेली याच्या खुणा मात्र तिच्या अंगावरून सहसा पुसल्या जात नाहीत. शेफिल्डजवळ रिव्हलिन नदीकाठी असलेल्या ‘माउसहोल फोर्ज’सारख्या कारखान्यात ऐरणीचे धड घडीव लोखंडाचे, म्हणजे कार्बन अगदी कमी असलेल्या, तंतुमय आणि मऊ लोखंडाचे असे. शिंग, टाच आणि पाय यांचे तुकडे वेगवेगळे घडवून, भट्टीत पांढरेशुभ्र होईपर्यंत तापवून, घणांच्या माऱ्याखाली धडाशी एकजीव केले जात. शेवटी माथ्यावर कठीण पोलादाची साधारण १२ मिलिमीटर जाडीची पट्टी याच रीतीने सांधून, भरपूर पाण्याच्या धारेखाली ती एकदम थंड करून तिला पाणी दिले जाई. पोलाद महाग होते आणि एवढ्या मोठ्या वस्तूसाठी एकसंध पोलाद घडवणे अवघडही होते, म्हणून जिथे घाव बसतो तिथेच ते वापरण्याची ही काटकसर होती. एवढे अवजड धगधगते धड उचलून फिरवण्यासाठी त्याच्या कमरेला पुढून-मागून आणि तळाला चौकोनी भोके पाडून त्यांत लोखंडी दांडे अडकवत असत. ही भोके आजही दिसतात, आणि ती असलेली ऐरण ओतीव नसून घडीव आहे हे बहुतांशी खात्रीने सांगता येते. डडली येथील पीटर राइटच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तुकड्यांची संख्या कमी करून धड अधिक एकसंध करण्याची पद्धत आणली. त्यामुळे त्याच्या ऐरणींवर ‘सॉलिड रॉट’ आणि ‘पेटंट’ हे शब्द आढळतात, तर पायांच्या वरच्या बाजूला पुढे-मागे असलेल्या अरुंद सपाट कडा ही, नाव गेले तरी राहणारी, त्यांची खूण मानली जाते.

अमेरिकेने या इंग्रजी मालाला दोन निरनिराळी उत्तरे दिली. मार्क फिशर याने १८४७ च्या पेटंटाने एक वेगळीच युक्ती रूढ केली: साच्यात पोलादाची तापवलेली पट्टी खाली ठेवायची आणि तिच्यावर वितळलेले बीड ओतून दोन्ही एकजीव करायचे. फिशर अँड नॉरिस कंपनीच्या न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे झालेल्या या ‘ईगल’ ऐरणींवर जहाजाचा नांगर धरलेल्या गरुडाचे उठावदार चित्र ओतलेले असते, पायावर १५ हा आकडा असल्यास तो १५० पौंड दर्शवतो, आणि बिडाचे धड कंपने शोषून घेत असल्यामुळे हातोडा मारला असता त्या जवळजवळ मुक्याच राहतात. दुसरे उत्तर ब्रुकलिनच्या हे-बडन कंपनीचे. तिने १८९० नंतरच्या काळात घडीव ऐरणीच इतक्या उत्तम बनवल्या, की इंग्रजी मालाची अमेरिकी बाजारातील मक्तेदारी मोडली. तिच्या उत्तरकाळातील ऐरणींचा तर कमरेच्या वरचा संपूर्ण भागच पोलादाचा आहे आणि पोलादी पट्टी सुटून येण्याची भीती त्यांना उरत नाही. स्वीडनमध्ये, १६७६ मध्ये नौदलासाठी नांगर घडवण्याचा कारखाना म्हणून उभ्या राहिलेल्या सॉडरफॉर्सने आणि कोल्स्वाने सबंध ऐरणच पोलादात ओतली. या ऐरणी खणखणीत वाजतात, परंतु कोल्स्वाच्या ऐरणींच्या कडा फार कठीण असल्यामुळे उडालेल्या आढळतात.

अंगावरच्या आकड्यांपैकी नवशिक्याला सर्वाधिक गोंधळात टाकतात ते इंग्रजी ऐरणीच्या कुशीवर ठोकलेले तीन अंक. ते वर्ष नसते, नमुन्याचा क्रमांकही नसतो. ते हंड्रेडवेट या जुन्या ब्रिटिश मापातील वजन असते. पहिला अंक ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटची संख्या सांगतो, दुसरा त्याच्या पावभागाची, म्हणजे २८ पौंडांची, आणि तिसरा उरलेले सुटे पौंड. अर्थात १·१·१० असे ठोकलेली ऐरण ११२, २८ आणि १० मिळून १५० पौंडांची, म्हणजे सुमारे ६८ किलोंची ठरते. चार पाव झाले की पूर्ण हंड्रेडवेट होतो, त्यामुळे मधला अंक ३ पेक्षा आणि शेवटचा २७ पेक्षा मोठा असू शकत नाही. तसा तो दिसल्यास एकतर वाचण्यात चूक झालेली असते किंवा ऐरण ब्रिटिश नसते. हे-बडन आणि इतर अमेरिकी घडीव ऐरणींवर वजन सरळ पौंडांत असते आणि पुढच्या पायावर अनुक्रमांक असतो. रिचर्ड पोस्टमन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अँव्हिल्स इन अमेरिका’ या ग्रंथातील कोष्टकांशी तो ताडून घडणीचे वर्ष बरेच नेमके काढता येते.

इंग्रजी ऐरणीच्या काळाचा अंदाज एका अमेरिकी कायद्यामुळे बांधता येतो, हा योगायोग गमतीचा आहे. १८९० च्या मॅककिन्ली जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे बंधनकारक केले व ते १८९१ पासून अमलात आले. म्हणून ‘इंग्लंड’ असे ठोकलेली ऐरण सामान्यतः त्या वर्षानंतरची धरतात. याचे उलट मात्र खरे नाही, कारण इंग्लंडातच विकल्या जाणाऱ्या मालाला हा कायदा लागू नव्हता. नावांनी केलेली दिशाभूल पाहायची तर ‘ट्रेंटन’ या छापाच्या ऐरणी घ्याव्यात. ट्रेंटन शहरातील फिशरशी त्यांचा काही संबंध नाही. त्या मुख्यत्वे ओहायोतील कोलंबस येथे घडल्या. तळाला अंडाकृती खोलगट भाग असल्यास ट्रेंटन आणि डमरूसारखा मध्ये आवळलेला असल्यास हे-बडन, असा जाणकारांचा ठोकताळा आहे आणि नाव पार झिजलेल्या ऐरणीच्या बाबतीत तोच कामी येतो. हातोडा धरलेल्या बाहूचे चित्रही दोन निरनिराळ्या छापांवर आढळते: ते अंगात खोल ठोकलेले असेल तर ऐरण कोलंबसचीच ‘आर्म अँड हॅमर’ ही घडीव ऐरण असते, आणि उठावदार ओतलेले असेल तर बिडाच्या धडाची व पोलादी माथ्याची ‘व्हल्कन’.

झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी ग्राइंडर फिरवण्याइतका घातक उपाय दुसरा नाही, कारण उरलीसुरली खूण त्यातच नष्ट होते. तारेच्या ब्रशने मळ काढून, अंधारात विजेरीचा झोत अंगाला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे उथळ अक्षरांच्या सावल्या उमटतात. खडूची पूड चोळून किंवा कागद लावून वर शिसपेन्सिल घासूनही पुष्कळ काही वाचता येते.

ओळख पटली तरी ऐरण कामाची आहे की नाही हा प्रश्न वेगळाच राहतो. त्यासाठी साधारण २५ मिलिमीटर व्यासाची, बेअरिंगमधली पोलादी गोळी २५ सेंटिमीटर उंचीवरून माथ्यावर सोडतात. गोळी १८ ते २० सेंटिमीटर उसळली, तर माथा कठीण आहे आणि घावाची शक्ती तापलेल्या लोखंडाकडे परत पाठवतो, असे समजावे. साध्या बिडावर ती निम्मीही उसळत नाही. एका जागी चाचणी घेऊन थांबू नये. माथाभर गोळी टाकत गेल्यास ज्या ठिकाणी ती एकाएकी कमी उसळते, तिथे पट्टी खालून सुटलेली असण्याचा संभव असतो. नाद ही जुनी परीक्षा मात्र बेताने वापरावी: घडीव ऐरणीचा आवाज बद्द येत असेल तर तडा गेल्याची शंका घेणे रास्त आहे, परंतु फिशरची उत्तम ऐरणही वाजत नाही, आणि उलट वाजणारी प्रत्येक ऐरण कठीण असतेच असे नाही. आगीत सापडलेल्या इमारतीतून निघालेल्या ऐरणीबाबत विशेष सावध राहावे, कारण दीर्घकाळ तापून सावकाश थंड झाल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते; अशी ऐरण दिसायला निर्दोष असते, फक्त तिचा माथा घावागणिक दबत जातो.

उडालेल्या कडा आणि मधोमध किंचित बसलेला माथा हे दोष विकत घेणाऱ्याला वाटतात तेवढे गंभीर नसतात. काही सेंटिमीटर शाबूत कड कोणत्याही कामाला पुरते, आणि अल्पसा खोलगटपणा तर वाकडी सळई सरळ करताना सोयीचाच पडतो. तरीही आरशासारख्या सपाट माथ्याच्या मोहाने दरवर्षी चांगल्या ऐरणी मिलिंग यंत्रावर चढवल्या जातात. पट्टी मुळात १२ मिलिमीटरची, शतकभराच्या वापराने ती आधीच पातळ झालेली; त्यात जुन्या ऐरणीचा तळ माथ्याला क्वचितच समांतर असतो, त्यामुळे तळावर उभी करून यंत्राने कापली असता एका टोकाचे पोलाद जवळजवळ संपते आणि पुढच्या काही वर्षांत ते तडकते. कडा वेल्डिंगने भरून काढण्याचेही तसेच आहे. धड आधी सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवले आणि योग्य कठीण रॉड वापरला तर ते साधते, थंड ऐरणीवर घाईने केलेले वेल्डिंग मात्र शेजारचे पोलाद ठिसूळ करून सोडते. अलीकडे अशा भरलेल्या, घासलेल्या आणि रंगवलेल्या ऐरणी नव्यासारख्या म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात. त्यांच्यापेक्षा गंजलेली, कडा तुटलेली, परंतु कुणी हात न लावलेली ऐरण घेणे केव्हाही शहाणपणाचे.

बाजारात हे-बडन किंवा पीटर राइट या नावांसाठी मोजला जाणारा जादा पैसा संग्राहकाच्या दृष्टीने समर्थनीय असेल, पण ज्याला लोखंड घडवायचे आहे त्याने गोळी चांगली उसळवणारी निनावी ऐरण आधी उचलावी. तीही रास्त भावात मिळत नसेल तर रेल्वेच्या रुळाचा तुकडा उभा रोवून किंवा जाड पोलादी ठोकळा ओंडक्यात बसवून काम सुरू करता येते. युरोपातील मध्ययुगीन लोहारांनी आणि महाराष्ट्रातील घिसाड्यांनी पिढ्यानपिढ्या विळे, कुऱ्हाडी आणि नांगराचे फाळ घडवले ते शिंग नसलेल्या अशाच ठोकळ्यांवर.